कामिनाच्या पुढे

नकाशावर हा रस्ता लाल आहे, चांगला जाड.
छापणाऱ्याने शाई वाया घालवली.
इथे डोक्यापेक्षा उंच मातीच्या दोन भिंती
आणि मध्ये चर,
ज्यात एक ट्रक गेल्या पावसाळ्यापासून
एका कुशीवर निजलाय.
त्याच्या वरच्या बाजूवर क्लीनरचा संसार:
चूल, पाय बांधलेली कोंबडी, वाळत घातलेली पँट.

पहिल्या दिवशी अकरा किलोमीटर.
दुसऱ्या दिवशी सात.
तिसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं
आणि वाउटरने शिव्या देणं.
मला जास्त काळजी त्याची वाटली.

लँडक्रूझरचं नाक आभाळात, बूड पाण्यात,
चारही चाकं आपापल्या जागी गरागरा.
विंचचा दोर बांधावा असं झाड एकच,
ते मुळांसकट उपटून आमच्याकडे आलं,
मुकाट,
बोलावल्यासारखं.

तेव्हा तो पहिल्यांदा गेला.
सायकलला पेडल नाहीत, साखळी नाही.
बसायचंच नाही तर ती वागवायची कशाला?
पाम तेलाचे पिवळे कॅन, दोन्ही अंगांना मिळून सहा,
हँडलला बांधलेला हातभर दांडा,
आणि तो, तिरका, टाचा चिखलात रोवत.
माणूस नाही, सायकल नाही,
दोन्ही मिळून तिसरंच काही जनावर.
'मोयो,' म्हणाला.
मोयो म्हणजे जीव.
इथे भेटल्यावर एकमेकांना
एवढंच म्हणतात.

दुपारी सुटलो, त्याला मागे टाकलं.
मी हॉर्नही वाजवला. आता लाज वाटते.
संध्याकाळी रुतलो. तो आला, मोयो, गेला.
सकाळी मागे टाकला. पुन्हा रुतलो.

खोरी घेऊन पोरं आली. पन्नास हजार फ्रँक.
'खड्डा यांनीच खणलाय,' वाउटर म्हणाला.
असेलही.
बुजवायला तरी दुसरं कोण येतं इथे?

तिसऱ्यांदा तो थांबला.
सायकल काठीला टेकवली, जशी गाय बांधतात,
आणि कुणी न सांगता
कसाव्याच्या काटक्या चाकांखाली सारत गेला.
अंधार पडला. केळी विकणारी न्गालुला
टोपली उतरवायच्या आधीच त्याला विचारती झाली,
'काबांगा ना तू? मग म्बुयी कुठे?'

मग मला मोडक्या फ्रेंचमध्ये समजावलं तिने:
जुळ्यांतला आधी येतो तो म्बुयी,
मागून येतो तो काबांगा.
नुसतं एक नाव कधीच सुटं नसतं,
दुसरं त्याच्या खिशात असतंच.

'पुढे गेलाय,' काबांगा म्हणाला,
आणि काळोखाकडे हनुवटी केली.

मी मान खाली घातली.
दूरून आलेल्या माणसाजवळ
असल्या वेळी देण्यासारखं जे असतं ते दिलं:
चहा, जास्त साखरेचा,
आणि चेहऱ्यावर तयार ठेवलेलं दुःख.
त्याने चहा प्यायला. माझ्या चेहऱ्याकडे
जरा नवलाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लुपुताच्या अलीकडे,
आंब्याखाली एकजण ट्यूबला ठिगळ लावत होता.
तेच कपाळ. तोच डावा खांदा, उतरलेला.
शेजारी बिनपेडलची सायकल.
वाउटरने ब्रेक मारला की माझा पाय आपोआप दाबला गेला,
आठवत नाही.

'काबांगा?' त्याने आम्हालाच विचारलं,
रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला
विचारत असावा तसं.
'येतोय,' मी म्हणालो. 'उद्यापर्यंत पोचेल.'
कामिनापासून पहिल्यांदाच
आमच्या चार चाकांचा कुणाला काही उपयोग झाला.

'कॅन किती आहेत त्याच्याकडे?'
'सहा.'
'सहाच?' म्बुयीने ठिगळावर थुंकून अंगठा दाबला
आणि पोट धरधरून हसला.
'निघताना सात होते.
म्हणजे गेला वाटतं
सासऱ्याच्या घरावरून.'